येथे बसू नये

अक्षरं बसत नाहीत, एवढंच बाईंचं म्हणणं होतं. पण हे एवढंच त्या रोज म्हणत, लाल पेन्सिल हातात घेऊन म्हणत आणि अख्ख्या वर्गासमोर म्हणत, त्यामुळे ते एवढंसं राहिलं नव्हतं. "पुन्हा बसलं नाही," असं म्हणून बाई वेलांटीच्या कागदावर अक्षरांच्या पायाशी एक लांबलचक लाल रेघ ओढायच्या. ती रेघ कुठे अक्षरात घुसायची, कुठे अक्षराला शिवायचीसुद्धा नाही. वीस जणांच्या वर्गात एकोणीस जणांची अक्षरं रेघेवर शहाण्यासारखी मांडी घालून बसलेली, आणि हिची मेली अधांतरी लोंबकळत असायची.

वेलांटी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. तिचे बाबा पेंटर. पेंटर म्हणजे चित्रं काढणारे नव्हेत आणि भिंतींना चुना फासणारेही नव्हेत. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, हे सगळं लिहिणारे. लहानपणी ही पोर त्यांच्या खांद्यावर बसून पुढे लोंबकळायची, म्हणून ते म्हणाले, ही तर माझ्या डोक्यावरची वेलांटी. पहिली की दुसरी, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "दुसरी. दीर्घ. एकदा भोकाड पसरलं की आवरत नाही." नाव चिकटलं ते चिकटलं. दाखल्यावर वेगळं काहीतरी आहे, पण दाखल्याला कोण विचारतंय.

बाबांची कामाची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. ती रीत म्हणजे दोरी. निळीत घोळवलेली सुती दोरी, दोन टोकांना दोन माणसं, मधे चिमटीत धरून ताणायची आणि सोडायची. फट् आवाज होतो आणि भिंतीवर सरळसोट निळी रेघ उमटते. याला बाबा दोरी मारणं म्हणत. आणि दोरी मारायची ती वर, खाली नव्हे. आपलं अक्षर वरून खाली येतं. आधी शिरोरेघेची जागा ठरते, मग एकेक अक्षर तिला टांगायचं, कपडे वाळत घालावेत तसं. "वरची रेघ सांभाळ," बाबा सांगायचे, "खालचं खाली बघून घेईल." सहा वर्षांची असल्यापासून वेलांटीने दोरीचं दुसरं टोक धरलं होतं, आणि दहाव्या वर्षापासून ब्रश. तिचा हात त्या रेघेखाली घडला होता.

ती शाळेत गेलेली असली तर बाबा जो समोर असेल त्याच्यापुढे टोक करायचे. गिऱ्हाईक, शेजारी, टपाल वाटत निघालेला पोस्टमन. एकदा पाटी बेकायदा आहे म्हणून काम बंद पाडायला नगरपालिकेचे साहेब आले, तर बाबांनी त्यांच्याच हातात टोक दिलं आणि साहेबांनी ते मुकाट धरलं. "टोक पुढे केलं की माणूस धरतोच," हे बाबांचं शास्त्र. "आपण काय केलं हे त्याला मागाहून कळतं."

पुढे फ्लेक्स आले. एका रात्रीत छापून मिळतात, वर फोटोही येतो, मग ब्रशवाल्याला कोण विचारणार? बाबांची दोरी खुंटीला लागली. आता ते एका फ्लेक्सवाल्याच्याच दुकानात बसून मजकूर तपासतात. 'हार्दिक शुभेच्छा'मधली दीर्घ वेलांटी काढून ऱ्हस्व करतात, आणि ती काढली म्हणून लोक त्यांच्याशी भांडतात. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तो पीळ सगळाच्या सगळा लेकीत उतरला होता. बाईंच्या या परक्या देशातल्या कलाशाळेत जागा मिळाली तेव्हा तिने कपड्यांच्या आधी पिशवीत दोरी टाकली. आई म्हणाली, तिकडे काय विहीर आहे का?

ती शाळा अशी की अर्धा दिवस तिथली भाषा शिकायची आणि अर्धा दिवस कला. सकाळी भाषेचे सर, दुपारी अक्षरलेखनाच्या बाई. सर बिचारे गरीब गाय, बाई वाघीण. संध्याकाळी खोलीवर यावं तर तिथे मातीवाली. मातीवाली म्हणजे तिची खोलीतली जोडीदारीण, तिसऱ्याच देशातली, मातीची भांडी करायला शिकणारी. खिडकीत तिच्या वाट्या वाळायच्या, खोलीभर दोघींचे कपडे वाळायचे, आणि दोघी एकमेकींशी त्या परक्या भाषेत तोडकंमोडकं बोलायच्या. व्याकरण दोघींचंही लंगडं, त्यामुळे भांडण कधी पुरतं व्हायचंच नाही. अर्ध्यात क्रियापद सापडायचं नाही आणि दोघी हसायला लागायच्या.

पण बाईंशी बोलताना हसून चालत नव्हतं. अक्षर खालच्या रेघेवर का बसत नाही, हे वेलांटीला त्यांना समजावून सांगायचं होतं, आणि त्यासाठी एक शब्द हवा होता. तिने भाषेच्या सरांना विचारलं, "अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघेला तुमच्यात काय म्हणतात?"

सरांनी विचार केला. "डोक्यावरची रेघ? म्हणजे केसांतला भांग?"

"नाही. अक्षराच्या डोक्यावरची."

"तशी रेघ आमच्यात नसते," सर म्हणाले. "म्हणून शब्दही नाही."

आता नसेल तर नसेल. पण तुमच्याकडे नाही म्हणजे जगात नाही, असं थोडंच आहे? हिने घरी येऊन शब्दकोश काढला, दोरीसाठी एक शब्द शोधला, आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात उभी राहून बाईंना सांगितलं, "माझी अक्षरं बसत नाहीत, कारण ती दोरीला टांगलेली असतात."

वर्ग फिसकन हसला. हिने शोधलेला शब्द कपडे वाळत घालायच्या दोरीचा निघाला. त्या दिवसापासून वर्गातली पोरं तिला कपडेवाली म्हणू लागली. वाईट बुद्धीने नव्हे, पण म्हणू लागली. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी तिचा कागद उचलून सगळ्यांना दाखवला. ज्या अक्षरांना मान उंच काढायची सवय, त्यांच्याही माना हिने खाली ओढून एका पातळीत आणल्या होत्या, आणि पाय मात्र कुणाचे कुठे, कुणाचे कुठे.

"ही तुझी सवय आहे," बाई म्हणाल्या. "सवय म्हणजे शैली नव्हे. आमची अक्षरं जमिनीवर उभी असतात. वार्षिक परीक्षेत भिंतीवर लिहायचं आहे, पंधरा दिवस उरलेत. तिथे हे असं लिहिलंस तर मी तुला पास करणार नाही."

वेलांटीला राग आला. खरं सांगायचं तर रागाच्या आधी लाज वाटली, आणि आपल्याला लाज वाटली म्हणून मग राग आला. अक्षरलेखनात नापास म्हणजे दुसरं वर्ष नाही, दुसरं वर्ष नाही म्हणजे राहायचा परवाना नाही, म्हणजे बाडबिस्तरा गुंडाळून घरी. आणि घरी गेल्यावर करायचं काय, तर बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून हार्दिकच्या वेलांट्या तपासायच्या.

आई दर रविवारी सकाळी फोन करायची. तिचे प्रश्न ठरलेले. जम बसला का, घडी बसली का, भाषा तोंडात बसली का. सगळं बसलं पाहिजे, असं आईचं म्हणणं, आणि बाईंचंही तेच. त्या रविवारी वेलांटीने तिला सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "अगं, देश तसा वेश. त्या म्हणतात तसं लिही नि मोकळी हो. तुझ्या बापाचं ऐकत बसलीस तर तुझीही दोरी खुंटीला लागेल."

"वेश बदललाय आई. हात कसा बदलू?"

"हात काय, वळवू तसा वळतो. मी नाही डावखुरी होते ती उजवी झाले? चार छड्या बसल्या आणि झाले." आई हे अगदी सहज म्हणाली.

तर तिने हात वळवायला घेतला. बसली कागद घेऊन. खाली रेघ, तिच्यावर अक्षर. खाली रेघ, तिच्यावर अक्षर. पहिले तीन दिवस हात ऐकेना, चौथ्या दिवशी ऐकू लागला, आठव्या दिवशी शिकवलेल्या पोपटासारखं लिहू लागला. बाईंनी लाल पेन्सिल उचलली, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली आणि खाली ठेवली. "आता बसलं," त्या म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या तिच्याकडे बघून हसल्या. मातीवालीने त्या आनंदात स्वतःची एक वाटी तिला देऊन टाकली.

वेलांटीने त्या कागदाचा फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांना ती लिपी वाचता येत नाही. पण अक्षर बघायला वाचता कशाला यायला हवं? थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"बघितला," बाबा म्हणाले. "सफाई आहे. ओळ कुठे हललेली नाही. कुणाचं आहे?"

वेलांटीने तो कागद पुन्हा हातात घेऊन बघितला.

"तुझ्या वर्गातलं कुणी? हात चांगला आहे त्याचा. थोडा घाबरट आहे, पण चांगला आहे. तुझं पाठव की."

ती म्हणाली, पाठवते. फोन ठेवला आणि पलंगावर बसून राहिली. बाबांनी तिचा हात रस्त्याच्या पलीकडून ओळखलेला होता. पाच वर्षांपूर्वी बाबांच्याच एका पाटीवर तिने गुपचूप फक्त एक काना दुरुस्त केला होता, तर सायकलवरून जाता जाता त्यांनी तो ओळखला होता. आणि आज पानभर अक्षरं समोर ठेवली, तर ते विचारतात कुणाचं आहे. तिला रडू आलं. दीर्घ वेलांटीचं रडणं ते, मातीवालीने दोन वेळा चहा करून दिला तरी संपेना. शेवटी नाक पुसून ती उठली, पिशवीच्या तळाची दोरी काढली आणि खोलीच्या मधोमध धरून बघितली. नीळ तिच्यात अजून होती. बोटं निळी झाली.

"आता काय करणार?" मातीवालीने विचारलं.

"टांगणार," वेलांटी म्हणाली. हे क्रियापद मात्र तिला बरोबर आलं.

परीक्षेचं वाक्य ज्याचं त्याने निवडायचं होतं. ते तिथल्या भाषेत असावं आणि भाषेच्या सरांनी व्याकरण तपासून सही द्यावी, एवढीच अट. बाकीच्यांनी प्रकाश, मौन, समुद्र असली भारी भारी वाक्यं आणली होती. एकाने तर एका वाक्यात तिन्ही घातली होती. वेलांटीची चिठ्ठी वाचून सरांनी चष्मा काढला.

"'येथे बसू नये,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "व्याकरण बरोबर आहे. पण हे... हे वाक्य का?"

"माझ्या वडिलांनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य आहे हे."

खरंच होतं ते. दवाखान्याच्या पायऱ्या, दुकानांचे ओटे, शाळेचा कट्टा. जिथे बसायला सोयीचं तिथे बसू नये असं लोकांना लिहून हवं असतं. आणि पाटी रंगवून झाली की बाबा लगेच घरी यायचे नाहीत. रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहायचे आणि बघायचे. लोकांनी पाटी वाचली याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती, ऐकली पाहिजे. पाटीखाली कुणी बसलेलं दिसलं, की दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन जायचे आणि ती पुन्हा रंगवायचे. लोकांचा काय दोष, म्हणायचे, माझ्याच अक्षरात दम नाही.

सरांना यातलं किती समजलं देव जाणे. पण त्यांनी सही केली.

परीक्षेची भिंत म्हणजे शाळेच्या लांब व्हरांड्यातली पांढरी भिंत. तिच्या पायाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडी कट्टा, ज्यावर अख्खी शाळा मधल्या सुट्टीत बसलेली असायची. प्रत्येकाला भिंतीचा चार हात तुकडा. तळाची रेघ बाईंनी आदल्या दिवशी स्वतः आखून ठेवली होती, सगळ्या भिंतीला मिळून एकच. विसाच्या विसांनी तिच्यावर आपापलं वाक्य बसवायचं होतं.

एकोणीस जणांनी रंग कालवला आणि बसवायला सुरुवात केली. विसावी कट्ट्यावर चढली, बाईंच्या रेघेकडे तिने ढुंकून पाहिलं नाही, आणि तिच्यापासून दीड हात वर तिने खिशातली दोरी लावून बघितली.

बाई लांबून बघत होत्या. त्या आल्याच. वर्षभर ज्यांच्या पावलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या पावलांनी आल्या.

"हे काय चाललंय?"

"दोरी मारतेय."

"रेघ खाली आहे."

"ती तुमची. माझी वर असते."

व्हरांड्यातले ब्रश थांबले. बाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि तो उतरला की जास्त भीती वाटायची. "तुला येतं. मागच्या आठवड्यात तू लिहून दाखवलंस. येत असून लिहीत नाहीस, हा उद्धटपणा आहे."

"ते मी लिहिलं नव्हतं," वेलांटी म्हणाली. तिची भाषा लटपटत होती. "म्हणजे हाताने मीच लिहिलं. पण माझ्या वडिलांनी ते ओळखलं नाही. तुम्ही वर्षभर म्हणालात ही सवय आहे. सवयच आहे. चौदा वर्षांची आहे, आणि त्याआधी बाबांची तीस वर्षांची आहे. मोडून दाखवली, तुम्हाला आवडली, मला नाही आवडली. नापास करायचं तर करा. पण नापास मी माझ्या अक्षराने होणार, दुसऱ्या कुणाच्या अक्षराने पास होणार नाही."

एवढं लांबलचक वाक्य तिने त्या भाषेत आजवर उच्चारलं नव्हतं. त्यात निदान चार चुका होत्या. भाषेचे सर लांब उभे होते, त्यांनी त्या मोजल्या नाहीत.

"तर मग तू नापास," बाई म्हणाल्या.

"बरं," वेलांटी म्हणाली. "हे जरा धरता?"

आणि तिने दोरीचं टोक बाईंच्या पुढे केलं.

आता हे तिने ठरवून केलं की बापाच्या रक्ताने केलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोरी एकटीला मारता येत नाही, दुसऱ्या विद्यार्थ्याची मदत घ्यायला बंदी, आणि समोर बाई होत्या. बाईंनी टोक धरलं. एखाद्याने चहाचा कप पुढे केला की आपण घेतो, तसं धरलं. वेलांटी चार हात मागे सरकली, तिने दोरी ताणली, बाईंचा हात डोळ्यांनीच थोडा वर घ्यायला लावला, आणि चिमटीत धरून सोडली. फट्. पांढऱ्या भिंतीवर निळी रेघ, सरळसोट. थोडी नीळ बाईंच्या पांढऱ्या बाहीवर उडाली. बाईंनी बाहीकडे पाहिलं, हातातल्या टोकाकडे पाहिलं, टोक खाली सोडलं आणि त्या निघून गेल्या.

मग वेलांटीने लिहिलं. एकदा हात सुटला की तिला आजूबाजूचं काही कळायचं नाही. एकेक अक्षर निळ्या रेघेला टांगत गेली, लांबला लांब सोडलं, आखूडला आखूड, आणि बाईंच्या रेघेला एकाचाही पाय लागू दिला नाही. ब्रश धुऊन ती कट्ट्यावरून उतरली, व्हरांड्याच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि खांबाला टेकून उभी राहिली. बाबा उभे राहायचे तशीच. मातीवाली तिच्याशेजारी येऊन उभी राहिली, हात मातीने बरबटलेले.

परीक्षक तिघे होते. बाई, भाषेचे सर आणि बाहेरून आलेले एक म्हातारे पाहुणे, ज्यांचा सगळा जन्म छापखान्यात गेला होता. तिघे भिंतीवरून एकदा फिरले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. आत बराच वेळ बोलणी चालली होती. बाहेर पोरं थकून, नेहमीच्या सवयीने, कट्ट्यावर टेकली. समुद्राखाली तिघं बसली. मौनाखाली पाच जणं बसून जोरजोरात गप्पा मारत होती. इतर वर्गांतली मंडळीही निकाल ऐकायला आली आणि दाटीवाटीने बसली.

वेलांटीच्या वाक्याखालचे चार हात तेवढे रिकामे होते.

तिला आधी वाटलं, योगायोग असेल. मग एक अनोळखी मुलगी पाठीवरचं ओझं सावरत आली, रिकामी जागा बघून वळली, वर पाहिलं, आणि पुढे जाऊन मौनवाल्यांना सरका म्हणाली. मातीवालीने वेलांटीला कोपराने ढोसलं.

खोलीचं दार उघडलं. बाई निकालाचा कागद घेऊन बाहेर आल्या, मागून सर आणि पाहुणे. सकाळपासून उभ्या होत्या त्या, वयही झालेलं. नावं वाचायच्या आधी जरा टेकावं म्हणून त्यांनी कट्ट्यावर नजर टाकली. एकच जागा मोकळी होती. बाई तिकडे गेल्या, कट्ट्याला हात लावला, अर्ध्या वाकल्या, आणि त्यांची नजर वर गेली. त्या तशाच सरळ झाल्या आणि दोन पावलं बाजूला होऊन उभ्या राहिल्या.

मौनवाल्यांनी वळून बघितलं.

"का नाही बसलात?" पाहुण्यांनी मागून विचारलं. त्यांच्या आवाजात हसू मावत नव्हतं.

"लिहिलंय ना," बाई म्हणाल्या. आणि आपण काय बोललो ते मग त्यांना कळलं.

त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर विसाव्या ओळीत काय लिहिलेलं असेल ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान वळवून खांबापाशी उभ्या असलेल्या वेलांटीकडे पाहिलं. "तळाच्या रेघेला एकही अक्षर शिवत नाही," त्या म्हणाल्या. "याचे मार्क कसे द्यायचे मला माहीत नाही."

"वरून मोजा," वेलांटी म्हणाली.

कोणी हसलं नाही. बाईंनी खिशातली लाल पेन्सिल काढली, बूट काढून ठेवले, कट्ट्यावर चढल्या आणि अक्षरांच्या डोक्यावरून, निळ्या रेघेच्या अंगाने, पेन्सिल न टेकवता या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. हळूहळू नेली. पेन्सिल एकाही अक्षरात घुसली नाही, आणि एकही अक्षर तिच्यापासून खाली सुटलेलं नव्हतं. खाली उतरून त्यांनी बूट घातले. कागद गुडघ्यावर धरला, विसाव्या ओळीवर काट मारली आणि नवीन आकडा लिहिला.

"दुसऱ्या वर्षाला तळाची रेघ शिकावीच लागेल," त्या जाता जाता म्हणाल्या.

"शिकेन की. आणि तुम्हाला वरची शिकायची असेल तर दोरी आहे माझ्याकडे."

"फार बोलतेस," बाई म्हणाल्या. पण बाहीवरची नीळ त्यांनी तोवर झटकलेली नव्हती.

रविवारी वेलांटीने भिंतीचा फोटो बाबांना पाठवला. फक्त फोटो, खाली काही लिहिलं नाही. आई आधी फोनवर आली आणि म्हणाली, पास झालीस ना, मग मला बाकीचं सांगू नकोस, जेवलीस का ते सांग. मग फोन बाबांकडे गेला. ते फोटो मोठा करून बघत असणार.

"काय लिहिलंयस गं हे?" त्यांनी विचारलं.

"येथे बसू नये."

बाबा हसले. हसता हसता त्यांना खोकला लागला, तो थांबेपर्यंत वेलांटी थांबली.

"आणि दोरी? दोरी कुणी धरली?"

"बाईंनी."

"वाटलंच," बाबा म्हणाले. "त्या टोकाला जरा खाली आलीय. पुढच्या वेळी त्यांना सांग, हात उंच ठेवा म्हणावं."